डोळे मिचकावा

देवी आल्या तेव्हा माझे काका चार वर्षांचे होते; दोन्ही डोळे गेले. तरी आमच्या हट्टा गावात त्यांनी पिठाची गिरणी एकट्यानं चालवली. मी पुण्यात एका कंपनीसाठी बँकेचं ॲप बनवत होतो. दिवाळीला गावी गेलो, तेव्हा मोठ्या हौसेनं ते त्यांच्या फोनवर टाकून दिलं. फोन एकेक पान वाचून दाखवत होता, काका बराबर बटणं दाबत होते. शेवटी ओळख पटवायला फोन म्हणाला, "चेहरा समोर धरा आणि डोळे मिचकावा."

काकांनी मान वर केली आणि खोल गेलेल्या पापण्या जोर लावून हलवल्या. "पुन्हा प्रयत्न करा," फोन म्हणाला. पाचव्यांदाही तेच झालं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"माझंच काही चुकून राहिलं का रे?"

"न्हाई काका."

'डोळे मिचकावा' हे वाक्य ॲपात मीच लिहिलं होतं, हे मला सांगवलं नाही.

पुण्याला परतल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अशी माणसं असतील किती?" बदल झालाच नाही. पुढं काकांनी तो फोन काकूला देऊन टाकला. मी काहून म्हणून विचारलं.

"तिला डोळे हायत," ते म्हणाले.