मापाची चोळी

कवायतीच्या बाईंनी हजेरीत माझं नाव वाचलं, वर पाहिलं आणि सगळ्या मुलींदेखत विचारलं, की तुझं पोट बुधवारी आणि शनिवारीच बरं दुखतं? बुधवार आणि शनिवार हे आमच्या कवायतीचे दिवस. अजून दोनदा गैरहजर राहिलीस तर परीक्षेला बसू देणार नाही, असं त्यांनी बजावलं. कवायतीत नापास म्हणजे सगळ्यातच नापास.

मी तेव्हा गोंदियाला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते. गाव दवनीवाड्याजवळचं, राहायला मावशीकडे. एकोणिसावं सरत आलं होतं आणि लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे गावाच्या लेखी मी केव्हाच मागे राहिलेली. बाबांनी मोजून एक वर्ष दिलं होतं. पास झालीस तर नोकरी कर, नापास झालीस तर वैशाखात बार उडवतो. स्थळही बघून ठेवलेलं होतं. माणूस वाईट नव्हता म्हणे, पण मला शाळा हवी होती, आणि ती मला इतकी हवी होती की रात्री त्या विचाराने झोप लागत नसे.

पोट माझं कधीच दुखत नव्हतं. दुखायची छाती. मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या, मग दोरीवरच्या उड्या, मग हात वर करून लेझीम. पहिल्या फेरीतच छातीचं ओझं असं हिसके देऊ लागे की डोळ्यांत पाणी यायचं. चोळी बगलेत काचायची, हात वर केला की शिवण टरकायची. कुंपणापलीकडून राईस मिलचे हमाल जात, त्यांना रस्ता सोडून इकडेच बघायचं असे. मैत्रिणी हसायच्या. मी दोन्ही हात छातीवर घेऊन धावायची आणि बाई ओरडायच्या, हात मोकळे सोड.

आता चोळीचं सांगते. आमच्याकडे शिंपी बाईमाणसाचं माप घेत नसे. तो बाजाराच्या दिवशी मशीन घेऊन बसायचा, आपण जुनी चोळी नेऊन द्यायची, तो ती जमिनीवर पसरून तिच्यावरून नवी बेतायचा. डोळे वर उचलत नसे, आणि त्याच्या सभ्यपणाचं सगळ्यांना कौतुक होतं. आमच्या घरात मापाची चोळी एकच होती, आईची, माझ्या जन्माच्याही आधीची. आई, माझी थोरली बहीण आणि मी, तिघींच्या चोळ्या त्याच एका चोळीवरून शिवल्या जात. कमी पडलं तर बगलेत तुकडा जोडायचा. मी आईला दोनदा सांगितलं, की मला आवळते, दुखतं. दोन्ही वेळा तिने सुपात तांदूळ पाखडता पाखडता ऐकलं आणि पदर नीट घेत जा म्हणाली. त्याचा मला फार राग होता. पदराने दुखणं थांबतं का?

चोळीच्या आत घालायची बॉडी नावाची वस्तू असते हे मला ट्रेनिंगमधल्या एका नागपूरच्या मुलीमुळे कळलं. मावशीला विचारलं तर तिने कानावर हात ठेवले. असलं काही घरात आणशील तर तुझ्या बापाला कळवीन, म्हणाली. मग मी एकटीच बाजारात गेले. दुकानात गादीवर शेठ, गिऱ्हाइकं सगळी पुरुष. मी आधी उगीचच रुमाल बघितले. शेवटी हळूच बॉडी हवी म्हटलं. त्याने मोठ्याने विचारलं, "कितने नंबर की?"

नंबर असतो हेच मला ठाऊक नव्हतं. त्याने माझ्याकडे एक नजर टाकली, मागून एक डबा काढला आणि पुढे सरकवला. मी ती बॉडी कागदात गुंडाळून जवळजवळ पळतच बाहेर आले.

शनिवारी ती घालून कवायतीला गेले. पाठीत पट्टा रुतत होता, एका बाजूला कापड सुरकुतलेलं, दुसरीकडे अंग वरून बाहेर येत होतं. तरी दात आवळून दोन फेऱ्या केल्या. दोरीच्या विसाव्या-बाविसाव्या उडीला पाठीवर अडकवायचा आकडा तुटला. मी पाठीला हात लावून तशीच मैदान सोडून गेले. बाईंनी ती गैरहजेरी धरली. आता आणखी एक झाली की संपलं, आणि परीक्षा नऊ दिवसांवर, सोमवारी होती.

मावशीच्या गल्लीच्या टोकाला फाळणीनंतर आलेलं एक सिंधी कुटुंब राहत होतं. त्यातली बाई घरी मशीनवर बायकांचे कपडे शिवायची. मंगळवारी मी तिच्या दारात उभी राहिले आणि रविवारी गावी जाऊन आणलेली मापाची चोळी पिशवीतून काढून दिली. कितीही शिकले तरी मला दुसरं सुचलंच नाही. बॉडी शिवायची आहे आणि हे माप, एवढंच म्हटलं.

तिने चोळी उलटीसुलटी केली, मग माझ्याकडे पाहिलं.

"ये तेरा नाप नहीं है. किसका उठा लाई?"

आईचं आहे म्हटलं. तिने चोळी परत माझ्या पिशवीत कोंबली, दाराला कडी घातली आणि गळ्यातली टेप काढली. पदर काढ, चोळीही काढ, म्हणाली. मी जागची हलले नाही. माझ्या अंगाला असा कुणाचा हात कधी लागला नव्हता, आणि त्याहून मोठी भीती वेगळीच होती. माझी डावी बाजू उजवीपेक्षा मोठी होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. काहीतरी रोग आहे आणि तो कधीतरी उघडकीला येणार, असं धरून मी चार वर्षं जगत होते.

बाहेर कुणी कल्हईवाला ओरडत गेला. शेवटी मी डोळे मिटून गाठ सोडली.

तिने खाली घेर मोजला, मग एकेक बाजू वेगळी मोजली आणि आकडे खडूने फरशीवर लिहिले. मी डोळे उघडले तेव्हा दोन आकडे शेजारी शेजारी होते आणि ते सारखे नव्हते. मला रडू फुटलं. तिने विचारलं, काय झालं. मी बोटाने फरशीकडे दाखवलं.

ती हसली नाही. म्हणाली, "किसी के बराबर नहीं होते. मेरे भी नहीं हैं."

मी तिथेच, उघड्या अंगाने, ओक्साबोक्शी रडले. तिने माझ्या खांद्यावर माझाच पदर टाकला आणि कापड बेतायला घेतलं.

शुक्रवारी तयार होईल म्हणाली होती. शुक्रवारी मशीनची सुई तुटलेली. बुधवारची कवायत मी नुसती चालून काढली होती, शनिवारी पुन्हा कवायत होती. मी आजारी पडू शकत नव्हते, म्हणून गेले आणि फक्त चालले. बाईंनी रागाने वहीत काहीतरी लिहिलं, पण हजेरी लावली. रविवारी संध्याकाळी बॉडी हातात आली तर तिने मला घरी जाऊ दिलं नाही. मागच्या अंगणात नेलं आणि धाव म्हणाली. मी धावले. उड्या मार. मारल्या. हात वर कर, वाक. डाव्या खांद्याची पट्टी सरकली. तिने ती उसवली, पुन्हा शिवली, पुन्हा मला धाववलं. नुसत्या उभ्या बाईसाठी मी शिवत नाही, असं तिचं म्हणणं. तिसऱ्या खेपेला ती समाधानाने आत वळली.

सोमवारी भंडाऱ्याहून तपासनीस बाई आल्या होत्या. पहिली फेरी मी दुखण्याची वाट बघतच धावले. दुसरी फेरी संपली तरी दुखलं नाही. दोरीच्या उड्या सुरू झाल्या, विसाच्या पुढे गेल्या, तिशीच्या पुढे गेल्या, आणि पाठीत आकडा आहे की नाही याचं भय काही जाईना. मी मनातल्या मनात उड्या मोजत राहिले. बाईंनी शिट्टी वाजवली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दोन्ही हात केव्हाचे छातीपासून लांब आहेत.

मी पास झाले. निकालाचा कागद घेऊन गावी गेले. बाबांनी तो दोनदा वाचला आणि त्या माणसाच्या घरी नकार कळवला.

दुसऱ्या दिवशी मी बॉडी धुऊन दोरीवर वाळत घातली, लुगड्याखाली लपवली नाही. भांडण होणार हे धरूनच घातली होती. आईने दोरीवरून ती काढली, उलटीपालटी केली, आतून बोटं फिरवली.

"याच्यात दुखत नाई का वं?"

नाही म्हटलं.

"पयले दुखत होतं?"

मग माझा तोल गेला. "तुले सांगतलं होतं ना मी. दोनदा सांगतलं होतं."

"सांगतलं होतंस." आई बॉडीकडेच बघत होती. तिला पाच मुलं झालेली, दर रोवणीला त्याच मापाच्या चोळीत दिवस दिवस भाताच्या चिखलात वाकलेली. "मले वाटे, बाईले हे दुखतेच."

दोरीवर सावली आली होती. आईने बॉडी झटकली आणि उन्हाकडे सरकवून वाळत घातली.