निम्मी लाईट खाणारी डबी

नववीत शाळा सोडून मी कोकणातून, राजापूरकडून नेवासा फाट्यावर आलो, तेव्हा विजेबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती आमच्या गावात नाही. असा माणूस मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कसा टिकला, हे माझं मलाही नीट सांगता यायचं नाही. दुकानाचे मालक मिस्त्री, सगळा फाटा त्यांना चाचा म्हणायचा. त्यांनी मला माळ्यावर झोपायला जागा दिली, चाचींनी दोन वेळचं ताट दिलं आणि वर्षभरानं चाचांनी आपला विजेचा दाब मोजायचा मीटर माझ्या हातात दिला. जागेचे आणि ताटाचे उपकार मला पेलत होते. मीटरनं मात्र झोप उडवली.

तो त्यांनी मुंबईहून जुना विकत आणलेला. त्याची मजल तीनशे व्होल्टपर्यंत, आणि विहिरीवरच्या मोटारींना येतात चारशे चाळीस. थेट लावला तर काटा एकदा जोरात नाचणार आणि कायमचा आडवा होणार. म्हणून चाचांनी एक डबी करून घेतली होती. आत रेझिस्टन्स, बाहेर वायरी. येणाऱ्या दाबातला निम्मा डबी स्वतःवर घ्यायची, निम्माच मीटरपर्यंत जाऊ द्यायची. काटा दाखवील त्याची दुप्पट करायची, झालं.

"आधी डबी, मग मीटर," चाचा म्हणाले. "उलटं केलंस बेटा, तर मीटर गेला. अन् मीटर गेला तर..."

पुढचं वाक्य ते कधी पुरं करत नसत. ते मी माळ्यावर पडल्या पडल्या पुरं करायचो. त्यात मी पत्र्याची ट्रंक घेऊन एस्टीत बसलेलो असायचो.

दुष्काळाचं साल होतं. विहिरींचं पाणी तळाला गेलेलं, आणि उरलेलं उपसायला मोटारी धापा टाकत होत्या. शिंगणापूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरून निरोप आला की मोटार नुसती गुणगुणते, तापते, पाणी ओढत नाही. चाचांच्या हातात दुसरं काम होतं. मी मीटर फडक्यात गुंडाळला, तान्ह्या मुलासारखा पोटाशी बांधला आणि पहिल्यांदाच एकटा सायकलवरून निघालो.

विहीर तात्यांची. पन्नाशीचा माणूस; रानात जनावरांपुरता लसूणघास तेवढा हिरवा उरलेला. भोवती भाऊबंद जमले होते. मी डबी लावली, तपासली. मीटर लावला, पुन्हा डबी तपासली.

"ह्यो मोटार बघाया आलाय, का डबीचं लगीन लावाया?" तात्यांचा धाकटा भाऊ म्हणाला.

काटा एकशेसत्तरवर थांबला.

"तीनशे चाळीस," मी म्हणालो. "दाब कमी येतोय, तात्या. मोटार चांगली आहे."

भाऊ मीटरवर वाकला. "एकशेसत्तर हाय की! मला वाचता येतंय."

"त्याची दुप्पट करायची असते. निम्मी डबीत राहते."

तात्या डबीवर वाकले.

"डबीत ऱ्हाती?" तात्या म्हणाले. "आमची लाईट?"

"म्हणजे डबी तेवढा दाब घेते."

"घेती म्हंजे खाती!" भाऊ बाकीच्यांकडे वळला. "ऐका रं. शिंगनापूर हितनं हाकंवर. तितं घराला दार न्हाई, तरी कुनी काडी हालवीत न्हाई. अन् ह्या कोकण्याच्या डबीत आपली निम्मी लाईट गडप!"

"काढ ती डबी," तात्या म्हणाले.

"काढली तर मीटर जळेल."

"आं? म्हंजे मीटर जळंल येवढी लाईट हाय, अन् मोटार फिरंल येवढी न्हाई?"

मीटर तीनशेच्या पुढं जळतो, मोटारीला चारशे चाळीस लागतात. पण ते तात्यांच्या गळी उतरवायला माझी नववी पुरत नव्हती.

तेवढ्यात वीज मंडळाचा वायरमन आला. तात्यांनी त्यालाही बोलावलं होतं. त्या दोघांचं वर्षभरात कशावर म्हणून एकमत झालं नव्हतं. तात्या म्हणायचे लाईट कमी येते, वायरमन म्हणायचा मोटार भंगार आहे. मला वाटलं सुटलो, हा तरी आपल्या धंद्यातला.

त्यानं काटा पाहिला, डबी पाहिली. "असली ठिगळं लावल्यावर काटा कमी दाखवणारच! तुझ्या डबीचं खापर आमच्या लायनीवर कशाला? काढ डबी, लाव मीटर. खरं काय ते कळंल."

"मीबी तेच म्हन्तोय!" तात्या म्हणाले.

वर्षाचं भांडण माझ्यादेखत मिटलं. तात्यांनी घराकडे हाक मारून वायरमनसाठी चहा सांगितला. भाऊ डबीकडे हात नेऊ लागला. मी झटकन वायरी सोडवल्या, मीटर फडक्यात घेतला आणि पोटाशी धरून मातीत बसकण मारली.

"मारा हवं तर! डबीशिवाय लावणार नाही!"

घाबरल्यामुळे आवाज थेट नाकातून निघाला, राजापूरचा. सगळे हसले.

"कोन मारतंय रं तुला?" तात्या जरा ओशाळले. चहा घेऊन आलेल्या तात्यांच्या घरच्या काकूंनी वायरमनचा कप माझ्या हातात दिला. "पोरगं रडकुंडीला आलंय. कशापायी छळता?"

"राहू द्या त्याचं बाळ त्याच्यापाशी," वायरमन म्हणाला. त्यानं पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. एकाला एक जोडलेले दोन दिवे आणि दोन वायरी. वायरी टेकवल्या. दिवे लागले, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. उन्हात हाताचा आडोसा करून पाहावे लागले. सगळ्यांनी पाहिले. वायरमनलाही पाहावेच लागले.

"कमी येतीय," तो पुटपुटला.

"ह्याला म्हन्त्यात मीटर!" भाऊ म्हणाला.

दिवे दोन कशाला, हे कुणी विचारलं नाही. एकच असता तर पुऱ्या दाबाला फुटला असता. दोघं निम्मं निम्मं वाटून घेतात म्हणून टिकतात. म्हणजे आमची डबी करत होती तेच. प्रत्येक दिव्याच्या वाट्याला एकशेसत्तरच येत होते. मी कप तोंडाला लावला. मीटर शाबूत होता आणि चहा गरम होता.

चाचांनी संध्याकाळी फडकं सोडलं, काटा हलवून पाहिला, काच पुसली. मी सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "जेवून घे."

पुढं डीपीवर, म्हणजे तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर, काहीतरी दुरुस्ती झाली आणि तात्यांची मोटार पाणी ओढू लागली. श्रेय अर्थातच दोन दिव्यांना गेलं. काही दिवसांनी तात्या स्वतः दुकानात आले. मेहुण्याची मोटार अडली होती.

"त्या कोकण्याला धाडा," ते चाचांना म्हणाले. "मानूस चांगला हाय. पर त्याला म्हनावं, डबी हितंच ठेव."

चाचांनी हातातली तार खाली ठेवली नाही. "तो आणि डबी बरोबरच येतात, तात्या. दोघंबी माझ्या दुकानचे हायेत. एकटा कुणी मिळायचा न्हाई."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, फळीवरच्या डबीकडे पाहिलं.

"बरं, येऊ द्या दोघांलाबी. पर जाताना आमची लाईट डबीतनं काढून ठिवायची."

मी सायकलमध्ये हवा भरायला घेतली.