विमान आणि दादाचा डोळा

माझ्या थोरल्या भावाने कधी घड्याळ लावून चांदी गाळली नाही. घड्याळ लावणाऱ्याला तो कच्चा समजायचा, आणि मला तर तो मी पन्नाशीला आलो तरी कच्चाच समजत होता.

आम्ही आटपाडीकडचे गलाईवाले. सोनारांकडची मोड, जुने डागदागिने, भट्टीतला गाळ घ्यायचा, वितळवायचा आणि त्यातलं सोनं-चांदी चोख करून परत द्यायचं, हा आमचा धंदा. आमच्या भागातली पोरं त्यासाठी देशभर पांगली. आम्ही दोघं भाऊ बावीस वर्षं दक्षिणेत काढून सांगलीत परत आलो आणि सराफपेठेच्या मागच्या बोळात भट्टी घातली. आता टंच, म्हणजे धातूचा कस, काढायला मशीन आलं, तेजाबात म्हणजे ॲसिडात टाकून चांदी वेगळी करणारेही झाले. दादा मात्र जुन्या रीतीनेच गाळायचा. राखेची वाटी करायची, तिच्यात चांदी आणि शिसं घालायचं, वरून वारा सोडायचा. शिसं सगळी घाण ओढून राखेत जिरतं. वर तेलकट रंग पोहत राहतात, मग ते पातळ होत जातात, आणि एका क्षणी पडदा फाटतो व खालची चांदी लख्ख दिसते. दादा म्हणायचा, चांदीनं डोळा उघडला. त्याच क्षणी वाटी ओढायची. आधी ओढली तर शिसं आत राहतं आणि चांदी ठिसूळ होते, उशीर झाला तर चांदीच राखेत जिरायला लागते.

मी सतरा वर्षांचा असताना पहिल्यांदा बरोबर वेळेला वाटी ओढली आणि आनंदाने म्हणालो, "दादा, नशीब माझं." त्याने सांडशीची मूठ माझ्या मनगटावर हाणली.

"नशिबाचं काम न्हवं हे," तो म्हणाला. "बघायचं काम हाय. नशीब म्हनलास तर उद्या बघनार न्हाईस."

मनगट आठवडाभर सुजलं होतं. वाक्य अजून लक्षात आहे.

आमच्या गावच्या यात्रेची एक रीत आहे. कुठेकुठे गेलेले गलाईवाले त्या दिवशी घरी येतात आणि प्रत्येकजण आपापल्या भट्टीवरची थोडी चांदी देवासाठी आणतो. ती सगळी देवळासमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकाच वाटीत गाळतात. तिथेच कारागीर ती ठोकून पत्रा करतो, आणि दरवर्षी गाभाऱ्याच्या चौकटीवर एक पट्टी चढते. बघणारे सगळे त्याच धंद्यातले, चूक लपवायला जागा नाही. म्हणूनच ती वाटी ओढण्याचा मान मोठा. एकोणीस वर्षं तो दादाकडे होता. पैसाअडका, घर, गाडी कशाचीच त्याला फारशी हाव नव्हती. हा मान मात्र त्याला हातपाय चालतील तोवर हवा होता, आणि तसं तो बोलून दाखवायचा.

विमान त्याला मी दाखवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला साळसूदपणा करता येणार नाही.

एका ग्रुपवर लिंक आली होती. दुपारचे डबे खाऊन भट्टी निवत असताना मी मोबाईलवर खेळत बसायचो. खेळ अगदी पोरकट. काळ्या पडद्यावर एक लाल विमान उडतं. उडण्याआधी पैसे लावायचे. विमान चढायला लागलं की मधला आकडा वाढतो. एक, सव्वा, दीड, दोन, पाच, कधी चाळीससुद्धा. विमान नाहीसं व्हायच्या आत बटण दाबलं तर लावलेल्या पैशाला त्या आकड्याने गुणून मिळतं. दाबायच्या आत गेलं तर सगळं गेलं. कधीकधी ते उडतानाच जातं, बोट उचलायलाही वेळ मिळत नाही. दहा-वीस सेकंदांत एक डाव संपतो आणि लगेच दुसरा सुरू होतो. विचार करायला मध्ये मोकळी जागाच ठेवलेली नाही.

दादा शेजारी बसून नाक मुरडत होता. मला त्याची खोडी काढायची लहर आली.

"तुझा डोळा लय तेज ना? सांग बरं, ह्ये कवा जातंय," मी म्हणालो.

त्याने चष्मा पुसला, मोबाईल लांब धरला आणि चार-पाच डाव नुसते बघितले. मग म्हणाला, "आता." मी बटण दाबलं आणि पुढच्याच क्षणी विमान गेलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मी हसत त्याच्या पाठीवर थाप मारली. तो हसला नाही. भट्टीसमोर बसल्यावर त्याचा चेहरा जसा व्हायचा तसा तो झाला होता, आणि मला त्या वेळी त्याचं कौतुकच वाटलं.

महिन्याभरात त्याच्या मोबाईलवरही ते आलं. पडद्याच्या वरच्या कडेला मागच्या डावांचे आकडे ओळीने दिसतात. दादा ते कोळशाने भट्टीमागच्या भिंतीवर लिहून ठेवायचा. तीन लहान आकडे आले की एक मोठा येतो, असं काहीतरी त्याचं चाललेलं असे. भिंत कमरेपासून डोक्यापर्यंत काळी झाली. गिऱ्हाइकं विचारायची तर मी सांगायचो, टंचाचा हिशेब आहे. खोटं बोलायला मला तेव्हा काही वाटत नव्हतं.

पडद्याच्या बाजूला इतर खेळणाऱ्यांची यादी सरकत असते. नावं अर्धी झाकलेली, कुणी किती आकड्यावर बटण दाबून उतरलं ते हिरव्या अक्षरांत. ती माणसं खरी आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक. पण दादा त्यांच्यावर चिडायचा. "ह्यो बग, ह्यो थांबला," म्हणायचा. आपण उतरल्यावरही विमान थांबत नाही, आपल्या डोळ्यांसमोर चढतच राहतं, ही त्यातली खरी मेख आहे. दुप्पट घेऊन उतरलेल्या माणसाला ते विसापर्यंत जाऊन दाखवतं. मग जिंकूनही हरल्यासारखं होतं. दादा हरल्यावर गप्प बसायचा, पण असं जिंकल्यावर दिवसभर कुणाशी बोलायचा नाही.

किती पैसे गेले ते मी इथे सांगत बसत नाही. वहिनींना ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. एकदा त्या डबा घेऊन दुकानात आल्या. भिंतीकडे बघून त्यांनी डबा माझ्याच हातात दिला.

"भावजी, ह्यांच्या डोक्यातनं काढा ह्ये," त्या म्हणाल्या. "माजं ऐकत न्हाईत. तुमीच लावलंय."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी दोन दुपारी बसून त्या खेळाची सगळी माहितीपानं वाचून काढली. इंग्रजी आमचं बेताचं, पण दक्षिणेत राहून गरजेपुरतं येतं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं. विमान कुठे जाणार तो आकडा डाव सुरू व्हायच्या आधीच निघालेला असतो, एका लांबलचक कोडात कुलूपबंद करून ठेवलेला असतो, आणि डाव संपल्यावर कुणीही ते कुलूप उघडून खात्री करून घ्यावी. आम्ही मध्ये हात घालत नाही, असं ते अभिमानाने सांगत होते. त्यांना हात घालायची गरजच नाही. दुप्पट होईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर विमान निम्म्याहून थोड्या कमी वेळा तिथवर पोचतं. त्या थोड्याशा कमीमध्ये मालकाचं घर चालतं. लवकर उतरायचं ठरवलं तर दहा वेळा थोडंथोडं मिळतं आणि एका फटक्यात सगळं जातं. कुठूनही उतरा, तो थोडासा वाटा कापलेलाच असतो. म्हणजे विमान चढताना दिसतं ते नुसतं चित्र. ते पडलेलं असतं, मग उडतं.

हे वाचून मला खरं सांगायचं तर आनंद झाला. आता दादाला गप्प करता येईल, असं वाटलं.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने निवांत ऐकलं. शेवटी मी म्हणालो, "आकडा आदीच ठरल्याला असतोय, दादा. तू बघून काय करनार?"

त्याने सांडशीने अजून न गाळलेली एक भरली वाटी पुढे सरकवली.

"गड्या, ह्या वाटीत चांदी किती हाय?"

"गाळल्यावर कळंल."

"पर हाय ती आदीच हाय न्हवं? गाळायच्या आदीच ठरल्याली. मी काय तिच्यात वाढवतो व्हय? मी फकस्त बघतो." त्याने मोबाईल उचलला. "बरं झालं सांगितलंस. मला वाटायचं कुनीतरी माज्याकडं बघून बटान दाबतंय. आदीच ठरल्यालं असंल तर मग दिसनार. आज न्हाई उद्या दिसनार."

ज्या गोष्टीने कोणीही शहाणा माणूस उठून गेला असता, तिनेच त्याला नीट मांडी घालून बसवलं. चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं. आत जे ठरलेलं आहे ते वरच्या रंगांवरून ओळखायचं. चांदी खरोखर आत असते, ती रंग दाखवते. त्या काचेमागचा आकडा ठरलेला असला तरी वर काहीच दाखवत नव्हता. मला त्या दिवशी त्याची पहिल्यांदा भीती वाटली.

पुढचे काही महिने तो मोठे आकडे गाठायला गेला आणि पैशाने फार खाली आला. मग त्याने धोरण बदललं. लवकर उतरायचं. सव्वावर, पुढे पुढे एकावर थोडं झालं की लगेच. दिवसभर अंगठा वर उचललेला. भट्टीवर बसला तरी तो अंगठा मांडीवर हळूच आपटत असे. दोनदा मी बघितलं, रंग अजून दाट असताना त्याने वाटी ओढली. मी "दादा" म्हटलं तर म्हणाला, "झालंय, झालंय." मी गुपचूप ती चांदी पुन्हा गाळून दिली. इथेही मी चुकलो. तेव्हाच चारचौघांत बोललो असतो तर निदान यात्रा वाचली असती.

यात्रेच्या दिवशी ऊन चांगलं तापलं होतं. देवळासमोर माणसं गोल बसली होती. मदुराईची चांदी आली होती, कोलकात्याची, कुठल्या कुठल्या गावांची. म्हाताऱ्यांनी दादाला फेटा बांधला. दादाने वाटीला हात लावून नमस्कार केला आणि वारा सोडायला सांगितला. मी त्याच्या डाव्या हाताला बसलो होतो.

रंग पोहायला लागले. हिरवा, जांभळा, मग तांबूस. माणसांचं बोलणं थांबलं. मी दादाच्या अंगठ्याकडे बघत होतो. तो मांडीवर आपटत होता, आणि मनातल्या मनात मी देवाला म्हणत होतो, एवढा एक डाव त्याला थांबू दे. मीही त्याला डावच म्हटलं.

पडदा फाटायला अजून वेळ होता. दादाने वाटी ओढली.

दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चांदी निवली, कारागिराने ऐरणीवर घेतली आणि ठोकायला लागला. पाचव्या-सहाव्या घावाला कडेपासून मध्यापर्यंत तडा गेला. त्याने हातोडा खाली ठेवला. ज्याने दादाला फेटा बांधला होता तो म्हातारा उठून जवळ आला, तडा बघितला आणि विचारलं, "आरं, असं कसं केलंस? जरा थांबायचं हुतं."

"थांबलो असतो तर गेलं असतं," दादा म्हणाला. अगदी समजुतीच्या आवाजात. "उडालं असतं, तात्या."

म्हाताऱ्याला काही कळलं नाही. मला कळलं, आणि गर्दीमागे उभ्या असलेल्या वहिनींनी पदर तोंडाला लावला.

देवाची चांदी तशीच ठेवता येत नव्हती. म्हाताऱ्याने सांडशी उचलून माझ्या हातात दिली. नवी वाटी केली, शिसं घातलं, पुन्हा वारा सोडला. दादा उठून गेला नाही. माझ्या शेजारीच बसला, फेटा तसाच डोक्यावर. रंग पातळ व्हायला लागले तसा तो माझ्या कानाशी पुटपुटू लागला, "काढ. आता काढ. काढ की." मी दात आवळून थांबलो. मग पडदा फाटला, चांदीने डोळा उघडला आणि मी वाटी ओढली. या वेळी हातोड्याखाली पत्रा न तडकता पसरत गेला.

मी दादाकडे वळलो. त्याने शिवी दिली असती तरी मला चाललं असतं. त्याने हात लांब करून माझं तेच मनगट धरलं आणि मायेने म्हणाला,

"नशीब तुजं."