रोहूच्या खाद्याला लसणाची फोडणी

"मॅडम, मासं खातान झकास. पन जखमा काय हटत नाय." मंदाताईंनी जाळ्यातला रोहू माझ्यापुढे धरला. अंगावर लाल चट्टे, दोन ठिकाणी खवले गळालेले. आठवड्यापूर्वी पाहिले तसेच.

मी तेव्हा पनवेलच्या एका मत्स्यखाद्य कंपनीत टेक्निकल ऑफिसर होते. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, तीही फिशरीजची. मंदाताईंच्या घरचे पुरुष उरणला समुद्रावर जाणारे. गोड्या पाण्याचं तळं त्यांनी एकटीच्या हिमतीवर घेतलेलं. खाद्यातून औषधी वनस्पती देण्याचा आमचा पहिला ट्रायल मी हट्टाने तिथे लावला होता. औषध म्हणजे साधा लसूण. ठेचल्यावर त्यातून जे उग्र द्रव्य सुटतं, ते जंतूंना मारक असतं.

ऑफिसातून सरांचा फोन आला. "चार दिवस देतो. नाहीतर सरळ अँटिबायोटिक."

अँटिबायोटिक दिलं की ते अंगातून उतरेपर्यंत मासा विकता येत नाही. मंदाताईंचा पहिलाच मासा पंधरा दिवसांत निघायचा होता. व्यापारी ठरलेला.

पाणी तपासलं. थोडं बदलायला सांगितलं, चुना टाकायला लावला. मग खाद्य ओंजळीत घेतलं. असा खमंग वास, की मलाच भूक लागली. तिथे माझी ट्यूब पेटली.

"ताई, लसूण कसा लावता?"

"कसा म्हंजे? तेल तापवायचा, लसूण लाल करायचा नि खाद्यावर वतायचा."

"तळून?"

"मंग? कच्चा लसूण कोन खातंय? मासं हायेत म्हनून काय झाला!"

तापवला की लसणातलं ते द्रव्यच राहत नाही. आठवडाभर मासे चवीने जेवत होते, औषध शून्य. मी त्यांना लिहून दिलेली चिठ्ठी मागितली. माझ्याच अक्षरात होतं : 'लसूण ठेचून, तेलासोबत खाद्याला लावणे.' 'कच्चा' हा शब्द कुठेच नव्हता. आमच्या लॅबमध्ये लसूण कुणी तळत नसे.

त्याच दिवशी कच्चा ठेचून लावला. मासे आले, हुंगून परत गेले. खाद्य पाण्यावर तरंगत राहिलं.

"बगा! सांगितला ना मी?" मंदाताई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या.

न खाल्लेलं खाद्य पाणी नासवतं, म्हणून ते आधी उपसून काढलं. मग तडजोड केली. तेल त्यांच्या फोडणीचं, पण पूर्ण गार केलेलं. त्यात माझा कच्चा लसूण. खाद्य टाकल्याबरोबर माशांच्या झुंबडीने पाणी उसळलं.

चौथ्या दिवशी चट्टे फिके पडले होते. सरांनी मुदत वाढवली. मासा ठरल्या दिवशी निघाला आणि व्यापाऱ्याने एकही मासा बाजूला काढला नाही.

रिपोर्टवर सरांनी लाल पेनाने लिहिलं, 'पाणी बदललं, चुनाही टाकला. लसणाचं श्रेय किती?' बरोबरच होतं ते. 'फोडणीचं तेल' खोडून त्यांनी 'अट्रॅक्टंट' केलं. अट्रॅक्टंट म्हणजे माशाला खाद्याकडे ओढणारी चीज.

तेव्हापासून चिठ्ठी दिली की मी समोर बसून त्यात लिहिलेलं एकदा करून दाखवायला सांगते. वाचून दाखवायला सांगत नाही. वाचता सगळ्यांनाच येतं.