पुलाजवळ एकही नाही

आमचे हे चौतीस वर्षं पोस्टमन होते. त्यातली एकोणीस वर्षं त्यांनी माझ्यापेक्षा पाणमांजरांकडे जास्त लक्ष दिलं. हे मी रागानेच सांगतेय, राग अजून गेलेला नाही. टपाल वाटता वाटता हा माणूस पाण्याकाठी सायकल लावायचा, चिखलातली पावलं मोजायचा आणि घरी येऊन वहीत उतरवायचा. कुठल्या दिवशी, किती वाजता, किती पिल्लं. आमच्या लग्नाची तारीख विचारा, सांगता यायची नाही. दर महिन्याला त्या नोंदी जिल्हा कार्यालयात पाठवायच्या. शेजारी तोंडावर 'मांजरमामा' म्हणायचे. यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. मला वाटायचं.

यंदा जिल्ह्याने निसर्ग पुन्हा उभा करायचा आराखडा काढला. कुठे झाडं लावायची, कुठल्या पाण्याला हात लावायचा नाही, सगळ्याचा भिंतीएवढा नकाशा कार्यालयाच्या सभागृहात टांगला. ज्याला काही म्हणायचंय त्याने शुक्रवारी पाचच्या आत लेखी द्यायचं. सोमवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून मलाही तिथे ओढत घेऊन गेले. दगडी पुलाजवळ मोठा हिरवा ठिपका होता, 'पाणमांजर, संरक्षित', आणि खाली यांचं नाव. आता छाती फुगवून गावभर सांगतील, असं मला वाटलं. तर हे पांढरेफटक पडलेले.

त्यांनी बोट टेकवलं ते वीटभट्टीमागच्या ओढ्यावर. तिथे रंगच नव्हता. 'नोंद नाही' एवढंच लिहिलेलं, म्हणून ओढा पाइपात घालायचा आणि वर गोदामं बांधायची.

"पुलाजवळ एकही नाही गं," हे म्हणाले. "सगळी इथे आहेत."

मग बाकावर बसून एकेक बाहेर काढलं. पहिल्या वर्षी पाणमांजरं जुन्या खाणीच्या तळ्यात होती आणि यांनी खरी जागा कळवली होती. ती यादी कार्यालयाच्या भिंतीवर लागली. महिन्याभरात तळ्याकाठी सापळे आले, आणि दोन कातडी कुंपणावर वाळत घातलेली यांनी स्वतः पाहिली. पुढे भट्टीमागे नवीन जोडी दिसली तेव्हापासून बघायचं तिथे आणि लिहायचं पुलाजवळ. तारीख खरी, पिल्लं खरी, जागा तेवढी खोटी. अठरा वर्षं मलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हटलं, आता मूग गिळून बसा, नाव झालंय तेवढं पुरे. ऐकतील कसले! सरळ कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलाशी जाऊन सगळं कबूल केलं. साहेब आमच्या मुलापेक्षा लहान, पण बोलणं असं की जणू आम्हीच सापळे लावले होते. एक नोंद खोटी निघाली की त्या माणसाच्या सगळ्या नोंदी रद्द, असा नियम होता. त्यांनी आमच्यादेखत एकोणीस वर्षं पुसून टाकली. हे म्हणाले, पुसा, पण ओढ्याचं तेवढं लिहून घ्या.

"ती पण तुमचीच नोंद ना?" साहेब म्हणाले. "मग ती पण बाद."

घरी येऊन यांनी वह्या ट्रंकेत टाकल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी दीड दिवस भांडले. वाट्टेल ते बोलले, आईवडिलांपर्यंत गेले. बोलणाऱ्याशी भांडता येतं, पडून राहिलेल्या माणसाशी काय भांडणार? मला त्यांची लाज वाटत होती, कीव येत होती, आणि त्या साहेबाचा गळा धरावासा वाटत होता.

बुधवारी उजाडायच्या आत मी यांचे जुने गमबूट चढवले आणि म्हटलं, उठा, दाखवा माझ्या सवती.

भट्टीमागे काटेरी झुडपात तास-दीड तास बसवलं मला. पाय बधिर झाले. मी पुटपुटत शिव्या घालत होते आणि यांनी एकदम माझं मनगट दाबलं. पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं, तोंडात मासा. मागून दोन पिल्लं आली आणि त्या माशावरून एकमेकांच्या अंगावर अशी किंचाळली की थेट आमच्या घरातलं भांडण. मला फार आनंद झाला. यांना तो दिसू नये म्हणून मी बाहीतले काटे काढत बसले.

गुरुवारी गेले, शुक्रवारी गेले. तीन दिवसांच्या तीन नोंदी माझ्या अक्षरात लिहिल्या. फॉर्मच्या मागे बारीक छापलं होतं, रद्द झालेल्या नोंदणीकाराच्या घरच्यांची नोंद धरली जाणार नाही. मी नाव माहेरचं लावलं, पत्ता भावाचा दिला. चारला खिडकीशी उभी राहिले.

कारकुनाने वीटभट्टी वाचली आणि चष्म्यावरून बघितलं.

"त्या पोस्टमनशी तुमचं काही नातं?"

"नाही," मी म्हणाले.

त्याने शिक्का मारला. मी पोच मागून घेतली.

हे बाहेर सायकल धरून उभे होते. पोच हातात घेऊन त्यांनी वरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"जागा?" एवढंच विचारलं.

"खरी लिहिली," मी म्हणाले. "तारीख खरी, पिल्लं खरी. नातं तेवढं खोटं सांगितलं."