सिल्बरी टेकडीला गाडीतून तीन प्रदक्षिणा

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आई गेल्यावर बाबा नागपूरहून साउथहॅम्प्टनला माझ्याकडे आले. आता इथंच राहा, असं मी म्हटलं की "बघू" म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. मग मीच ठरवलं, या माणसाला इंग्लंड आवडायलाच पाहिजे. शनिवारी डबा भरला, बाबांना पुढं बसवलं, लेकीला, रूपालीला नकाशा देऊन मागं बसवलं आणि निघाले.

तुम्ही जाणार असाल तर मोटरवे घेऊ नका. सॉल्सबरीपर्यंत ए-३६, तिथून ए-३४५ ने उत्तरेकडे. सॉल्सबरी प्लेन म्हणजे नुसतं गवत आणि आभाळ, आणि मधूनच रस्त्यात रणगाडे आडवे येतील अशी पाटी.

"बाप्पा! लढाई सुरू आहे काय इथं?"

"सराव करतात, बाबा."

"मला हे दाखवाले आणलंस?"

ही थट्टा होती की तक्रार, कळेना. पुढं प्यूझी लागतं. तिथं पेट्रोल भरून घ्या आणि टॉयलेटला जाऊन या, पुढं काही नाही. बाकावर बसून पोळी-भाजी खाल्ली. बाबांना विचारलं, कसं वाटतंय? म्हणाले, थंडी आहे. जून महिना होता हो!

प्यूझीहून ऑल्टन बार्न्सचा रस्ता एवढा अरुंद, की समोरून ट्रॅक्टर आला आणि मला बरीच लांबपर्यंत गाडी मागं घ्यावी लागली. घामच फुटला. वर बघते तर डोंगरउतारावर भलामोठा पांढरा घोडा. गवत काढून खालचा खडूसारखा पांढरा खडक उघडा केलेला.

"कंथक!" बाबा ओरडले. सिद्धार्थाने घर सोडलं तेव्हाचा त्याचा घोडा. इथं आल्यापासून त्यांचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. एका शेतकऱ्याने करवून घेतलाय म्हटलं, तर म्हणाले, "असू दे नं." मी हरखले. आता राहतील!

टेकाड ओलांडून ए-४ ला लागलो आणि पश्चिमेला वळलो. थोड्याच वेळात उजव्या हाताला सिल्बरी हिल आली. माणसांनी रचलेली, हिरवीगार, गोल, वर सपाट. मी हिच्याजवळून कितीदा गेले असेन, कधी काही वाटलं नव्हतं.

"थांबव! अगं स्तूप आहे हा!"

कडेच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. फुकट आहे. बाबांनी बूट काढले, हात जोडले आणि मोठ्यानं वंदना सुरू केली. शेजारी एक गोरी बाई फ्लास्कमधून चहा ओतत होती, ती तशीच थांबली. मला लाज वाटली आणि लाज वाटल्याचा रागही आला.

"बाबा, हे बुद्धाच्याही जवळजवळ दोन हजार वर्षं आधीचं आहे."

"बांधलं कोणी? कशाले?"

मी त्या बाईंना विचारलं. "कुणालाच माहीत नाही, लव्ह," त्या म्हणाल्या. "खणून बघितलं, आत पुरलेलं कुणी सापडलं नाही."

"बघ!" बाबा म्हणाले. काय बघू, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांना प्रदक्षिणा घालायची होती. पण कुंपण, वर चढायला बंदी आणि पलीकडं ओली शेतं. तेव्हा रूपाली नकाशावर बोट फिरवून म्हणाली, "आई, रोडनेच गोल जाता येतो." खरंच येतं. बेकहॅम्प्टनच्या राउंडअबाउटला उजवीकडे, तिथून एव्हबरी, मग बी-४००३ ने वेस्ट केनेट आणि परत ए-४. टेकडी कायम उजव्या हाताला, अगदी शास्त्रशुद्ध. राउंडअबाउटवर सगळ्या गाड्या घड्याळाच्या काट्यासारख्या फिरताना बघून बाबा तर खूशच झाले. "हे लोक चौकाचौकात प्रदक्षिणा घालून राहिले नं!" तिसऱ्या फेरीला रूपाली कुरकुरली, "आजोबा, माझा डोकं फिरतो." आजोबा हसता हसता रडले. मी गाडी चालवत राहिले.

घरी आलो. चहा टाकला आणि म्हटलं, "बाबा, मग राहताय ना?"

"नाही बेटा. जातो."

"आवडलं नाही?"

"लई आवडलं. स्तूप नव्हे ते, मालूम आहे मला, मी काय खुळा आहे? पण तुझी आई गेल्यापासून कोणाला काही सांगावंसंच वाटत नव्हतं. आज वाटून राहिलं. अन् ऐकणारे सगळे तिकडं आहेत, विहारात."

मी भांडले. मीही ऐकतेच की, म्हटलं. "तू तर सोबत होतीस," ते म्हणाले. "तुला काय सांगू?"

पुढच्या आठवड्यात ते नागपूरला परतले. तिथं महिनाभर सगळ्या वस्तीला टेकडी सांगत होते म्हणे. बाबा तुमच्याकडं का नाही राहिले, असं अजून लोक विचारतात. इंग्लंड आवडलं नाही म्हणून, असं सांगितलं की लगेच पटतं त्यांना. खरं कारण सांगावं, तर मलाच ते अजून धड पटलेलं नाही.