सेंगाने दिलेले शनिवार

सेंगा मॅक्लिंटन पस्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. त्यातली चौदा वर्षं ती महिन्यातून दोनदा ॲप्रन काढून मुलांच्या सुनावणीला बसली. आमच्याकडे आईबापांच्या ताब्यातून काढलेल्या मुलांचं पुढे काय करायचं ते न्यायाधीश ठरवत नाही. आमच्यासारखी तीन बिनपगारी माणसं ठरवतात. निर्णय तिथल्या तिथे, मुलाच्या तोंडावर सांगावा लागतो. मी चार वर्षं तिच्या शेजारी बसले. निर्णय सांगायच्या आधी मी दर वेळी कागद पुन्हा पुन्हा चाळायचे. सेंगा नुसती थकलेली असायची.

या मुलींची नावं मी बदलली आहेत. मोरवेन बारा वर्षांची, आयला पाचची. दोघींना एकत्र ठेवून घेणारं घर कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, सापडलं नाही, म्हणून त्या चाळीस मैलांच्या अंतरावर वेगवेगळ्या कुटुंबांत राहत होत्या. मे महिन्यात सेंगाने निर्णय दिला: दर शनिवारी भेट.

ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा बसलो.

"तेरा शनिवारांपैकी नऊ झाले," मोरवेन म्हणाली.

"कोण नेतं गं तुला?"

"फर्गस."

फर्गस म्हणजे मुलींची केस बघणारा कौन्सिलचा समाजसेवक. तो कागदांत डोकं घालून बसला.

"शनिवारी तुझी सुट्टी ना रे?" सेंगाने विचारलं.

"ड्रायव्हरची जागा भरायला बंदी आहे. बजेट नाही म्हणतात."

"मग तू स्वतःची गाडी काढतोस?"

"सेंगा, सोड ना."

"सोड काय! घरी दोन महिन्यांचं बाळ आहे. बायको अजून घरात घेते हे नशीब समज."

मोरवेन फिसकन हसली.

सेंगाने चष्मा काढून डोळे चोळले. पुन्हा दर शनिवार म्हटलं, तर ते फर्गसच्याच मानेवर बसणार होतं. महिन्यातून एकदा म्हटलं, तर पाच वर्षांची पोर बहिणीला विसरत जाणार होती. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं. आम्ही मान हलवली.

"दर शनिवारी," ती मोरवेनला म्हणाली. "तो तुझा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. आणि कौन्सिल निर्णय पाळत नाही, म्हणून त्यांच्यावर नोटीस काढायला सांगतोय आम्ही. एकवीस दिवसांत सोय करायची, नाहीतर कोर्टात उत्तर द्यायचं."

चौदा वर्षांत हे तिने पहिल्यांदाच केलं होतं.

"एकवीस दिवस म्हणजे तीन शनिवार," मोरवेन म्हणाली. "तोवर कोण येणार?"

सेंगा कॅलेंडरवर तारखा मोजू लागली.

"मी येतो. दहा वाजता," फर्गस म्हणाला.

"तीनच हां, फर्गस," सेंगा म्हणाली. "चौथ्याला गाडीत दिसलास तर नोटीस तुझ्यावर काढीन."